आधी उसवायला शिकवा

प्रिय ठमाबाई,

फोन सोडून पत्र आलं म्हणून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर मी काही सांगायला लागलो की तुझी आई मागून दुरुस्त्या करते आणि हकिकत माझी, वाक्यं तिची असं होऊन बसतं. आज ती मावशीकडे गेलीय, तेवढ्यात उरकतो.

वर्षभर ती शिवणशिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला जात होती, हे तुला ठाऊक आहेच. तीस वर्षं अख्ख्या गल्लीचे कपडे शिवून बावन्नाव्या वर्षी बाकावर बसली, तेही तुझ्यापेक्षा लहान पोरींच्या शेजारी. शिवणात पहिली आली, त्यात नवल नाही. माशाची पोहण्यात परीक्षा घेतल्यासारखंच ते. गाडी अडली ती भाषणाशी. वर्गापुढे सात मिनिटं बोलून आपलं म्हणणं पटवून द्यायचं. त्यांच्या बाई आधी विषय सांगून हात वर करायला लावतात आणि भाषण झाल्यावर पुन्हा. निम्मा वर्ग आपल्या बाजूला आला नाही तर नापास. नापास म्हणजे प्रमाणपत्र नाही आणि प्रमाणपत्राशिवाय त्याच संस्थेत जूनमध्ये रिकामी होणारी शिक्षिकेची जागाही नाही. ती जागा तिला किती हवी होती, हे तिने कुणाला सांगितलं नाही. पण तिथून येताना रोज त्या वर्गाच्या खिडक्या कशा पुसायला हव्यात, हे मात्र ऐकवायची.

विषय तिचाच: नव्या मुलींना शिवण्याआधी उसवायला शिकवा. मी पडलो आठवड्याला एक टवाळ लेख पाडणारा माणूस, राहवलं नाही. चार पानी भाषण लिहून दिलं, मानवी संस्कृतीच्या महावस्त्रापासून सुरुवात केलेलं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, अहो, कापड भरपूर आहे, पण यातून अंगात घालायला काय निघणार? त्यातल्या दोन पानांवर आता कॉलरचा बेत आखलाय.

मग ती स्वतःच बसली. इस्त्रीच्या टेबलाला वर्ग समजून बोलायची, मी घड्याळ धरायचो. भाषणात दाखवायला चुकीची जोडलेली बाही हवी होती आणि इथे खरी पंचाईत झाली. तिला चुकीचं शिवताच येईना! तीनदा बसली, तिन्ही वेळा शेवटच्या वळणावर हात आपोआप सरळ गेला. शेवटी मला मशीनवर बसवलं. म्हणाली, काही विचार करू नका, तुम्ही मन लावून शिवा, आपोआप बिघडेल. लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्या अंगच्या गुणांवर एवढा विश्वास तिने पहिल्यांदाच टाकला.

भाषणाला घरच्यांना मागे बसू देतात. आधीच्या मोजणीत चोविसांतले तीन हात वर. ती उठली, पहिलं वाक्य बोलली आणि थांबली. पुढचं आठवेना. तिने कागद बाजूला ठेवला, मी बिघडवलेल्या दोन बाह्यांतली एक उचलली आणि थेट बाईंपुढे धरली. बाई, एवढी काढून दाखवता? बाईंनी कात्री घातली, ओढलं आणि कापड चर्रकन फाटलं. पोरी खिदळल्या. आई हसली नाही. म्हणाली, हसू नका गं, बाईंना हे कुणी शिकवलंच नाही. मलाही नव्हतं शिकवलं. पहिली दोन वर्षं नवं कापड हातात घेतलं की भीतीने परत घडी घालून ठेवायचे, चुकलं तर गेलंच म्हणून. उसवता यायला लागलं त्या दिवशी भीती गेली, आणि भीती गेली तेव्हा कुठे मी शिवायला लागले. बोलताबोलता तिने दुसरी बाही घेतली, दर चौथा टाका कापला, उलट्या बाजूने दोरा ओढला. बाही अलगद हातात आली. कापड उजेडात धरलं, एक ओरखडा नाही. मी जन्मभर लोकांचं उसवत आलो, पण कापड शाबूत ठेवायचं असतं, हे मला त्या बाकावर कळलं.

नंतरच्या मोजणीत एकोणीस हात. विसावा खुद्द बाईंचा. मी दोन्ही वर केले होते, ते धरले नाहीत.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, जूनमध्ये रजा संपतेय, बाळाला सांभाळायला आईला वर्षभर पाठवा. ती लगेच म्हणाली, येते की! त्याच्या आदल्याच दिवशी तिच्या नेमणुकीचं पत्र आलं होतं. ते तिने चिंध्यांच्या पिशवीत सारलं आणि बाळाची झबली बेतायला घेतली. तुला कळवायचं नाही, अशी मला तंबी आहे. ती मी या पत्राने मोडतोय. तुझं काही चुकलं नाही, तुला माहीतच नव्हतं. बाळाला माणूस हवं, तर मी येतो. लेख कुठूनही पाडता येतात आणि ढेकर काढायचा सराव मी उशीवर सुरू केलाय. माझ्या सांगण्याने ती ऐकणार नाही, तुझ्या ऐकेल. तिला फोन कर आणि फक्त एवढंच म्हण, आई, तू शिकवायला जा, बाबांना पाठव. आधी ती मला दोन टोमणे मारेल, मग नेमणुकीच्या पत्रावर सही करेल. सहीची मुदत सोमवारपर्यंत आहे.

तुझाच,
बॅग भरून बसलेला
बाबा