ओव्हन मीच बसवणार

३ मार्च, रविवार. सकाळी ९.

ओव्हन आला. विजेवरचा, आत पंखा असलेला, स्वयंपाकघराच्या कपाटात कायमचा बसवायचा. बसवायला वेगळा माणूस लागतो, असं हमाल म्हणाला. मी नुसता हसलो.

घाई आहे. पुढच्या रविवारी संगीतवर्गाच्या कार्यक्रमासाठी हिला ऐंशी बनची ऑर्डर आहे. आयुष्यातली पहिली. आवडले तर वर्गाच्या बाई दर आठवड्याला घेणार. हिला चार दिवस धड झोप नाही. म्हणाली, अहो, माझ्या भावाला बोलावू का? मेव्हणा इलेक्ट्रिशियन आहे. मी म्हणालो, कशाला? सोळा अँपियरचा पॉइंट त्यानेच मागे काढून ठेवलाय. आता फक्त आत ढकलायचा आणि चार स्क्रू मारायचे. मंगळवारपर्यंत होईल.

(उद्याही होईल. पण उगाच बढाई नको.)

दुपारी ४. टेबलावरचा जुना छोटा ओव्हन आमच्या छापखान्यातल्या मशीनमनला देऊन टाकला. मोह ठेवू नये. हिला सांगितलं. काही बोलली नाही. कृतज्ञता कधी कधी अशी मुकी असते.

४ मार्च, सोमवार.

बरं झालं, आधी माप घेतलं. खोक्यावर ओव्हनची रुंदी ५९५ मिलिमीटर छापली आहे. सुतारमामांनी कपाटात ठेवलेला कोनाडा ५६०. म्हणजे सरळ सरळ चूक. चांगला माणूस, पण वय झालं.

प्रेसमध्ये सव्वीस वर्षं पुस्तकांची बांधणी करतोय. मिलिमीटर माझ्या बोटांत आहे. देवाचं नाव घेऊन कोनाड्याच्या दोन्ही बाजूंच्या वीस-वीस मिलिमीटरच्या फळ्या काढून टाकल्या. आता बरोबर ६००. पाच मिलिमीटर हवा खेळायला.

मामांना काही कळवलं नाही. कशाला म्हाताऱ्याचं मन दुखवा.

५ मार्च, मंगळवार. रात्री ८.

ओव्हन आत गेला. फार सहज गेला. दर्शनी पट्टीसकट थेट मागच्या भिंतीपर्यंत गेला. स्क्रू मारायला दोन्ही बाजूंना लाकूडच नाही. मुलगी कॉलेजातून आली, वाकून आत बघितलं आणि म्हणाली, बाबा, हा आपल्यावर रुसलाय का?

शेवटी मामांना बोलावलं. त्यांनी कोनाड्याच्या उघड्या कडांवरून हात फिरवला. मग म्हणाले, साहेब, तुम्ही पुस्तकं बांधता ना? पुठ्ठा पानांपेक्षा मोठा ठेवता की नाही? ५९५ हा पुठ्ठा. तो बाहेर राहतो. आत जातात ती पानं, ती ५६०च्या आतली.

मी म्हणालो, ते मला ठाऊक आहे, तुम्ही कसं समजावता ते पाहत होतो.

ही ओट्याशी पाठमोरी उभी होती. खांदे हलत होते. सर्दी झाली असावी.

६ मार्च, बुधवार.

माझ्या देखरेखीखाली मामांनी फळ्या परत लावल्या. स्क्रू मी मारले. खालचे दोन बसले. वरचे दोन उरले. कंपन्या जास्तीचे देतात.

संध्याकाळी ६.१०. सगळ्यांना बोलावून बटण दाबलं. आतला दिवा लागला! हिने टाळ्या वाजवल्या. पट्टीवर बारा-शून्य-शून्य असे आकडे लुकलुकू लागले. हातावर घड्याळ असताना ओव्हनचं घड्याळ बघायची मला गरज नाही, म्हणून तिकडे लक्ष दिलं नाही.

६.४०. अजून गार.

७.१५. गार. मुलीने आत हात घालून पाहिला आणि म्हणाली, फ्रिज म्हणून मस्त आहे.

मॅन्युअल शोधलं. खोक्यात नाही. कंपनीला खरमरीत पत्र लिहिणार. तशी मला गरज नाही. गावच्या शाळेत गुरुजींनी विजेचा धडा शिकवला तेव्हा शाळेत वीज आलेली नव्हती. त्यामुळे नुसत्या तत्त्वावर भर होता. तत्त्व माझं पक्कं आहे.

७ मार्च, गुरुवार.

रजा टाकली. ओव्हन बाहेर काढला. मागून पाहिला. मागची बाजू उत्तम. आत घातला. गार. बाहेर काढला, प्लग काढून पुन्हा लावला, आत घातला. गार.

कंबर धरली.

देवासमोर दहा मिनिटं बसलो. त्याला ओव्हनमधलं किती कळतं ते माहीत नाही, पण बसल्यावर बरं वाटलं. ही परीक्षा आहे. मी खचणार नाही.

हिने जेवताना पुन्हा विचारलं, दादाला एक फोन करू? नुसता विचारायला? मी म्हणालो, माझ्यावर विश्वास नाही का? ती म्हणाली, तुमच्यावर आहे हो. पण ऐंशी बन आहेत.

८ मार्च, शुक्रवार.

प्रेसमध्ये होतो. मशीनमन सांगत होता, छोटा ओव्हन झकास चालतो. त्याच्या बायकोने काल केक केला. मला एक तुकडा आणला होता. खाल्ला. कोरडा वाटला.

संध्याकाळी ओव्हनला हात लावला नाही. यंत्रालाही विश्रांती लागते. ही फोनवर हळू आवाजात बराच वेळ बोलत होती.

९ मार्च, शनिवार. सकाळी ७.

ही भावाकडे गेली. जाताना पाच किलो मैदा, यीस्ट, लोणी आणि घरातले सगळे ट्रे घेऊन गेली. मला एकांत मिळावा म्हणून पसारा सोबत नेला. असा समजूतदारपणा हल्ली कुठे दिसतो?

दुपारी १२. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला, जाब विचारायला. तिकडच्या मुलीने विचारलं, सर, डिस्प्लेवर काय दिसतंय? म्हटलं, बारा-शून्य-शून्य लुकलुकतंय. ती म्हणाली, सर, घड्याळ लावल्याशिवाय तो तापत नाही. वेळ सेट करा.

मी तिला म्हणालो, ही गोष्ट तुम्ही मॅन्युअलमध्ये लिहायला हवी. ती म्हणाली, लिहिली आहे, सर. पहिल्या पानावर.

१२.२०. तापला! पंखा घुमतोय! डोळ्यांत पाणी आलं. हात जोडले.

१२.३५. वास येतोय. नव्या ओव्हनला येतो म्हणे.

१२.४०. धूर. बंद केला.

मॅन्युअल सापडलं. आत तळाच्या ट्रेखाली होतं, प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवी आता ट्रेचाच भाग झाली आहे. मॅन्युअल वाचण्याजोगं राहिलेलं नाही.

दुपारभर खरवडलं. खिडक्या उघडल्या. संध्याकाळी पाचला ओव्हन पुन्हा तापवला. धूर नाही, वास थोडासाच. हिची वाट पाहत दारात उभा राहिलो.

सात वाजता ही आली, मागून मेव्हणा आला, दोघांच्या हातांत खोके. मी म्हणालो, ओव्हन तयार आहे, ऐंशीच्या ऐंशी कर! तिने हातातले खोके टेबलावर ठेवले. म्हणाली, अहो, झाले. वहिनीच्या ओव्हनमध्ये दिवसभर भाजले. एकेका घाण्यात सोळा, असे पाच घाणे. बोटं भाजली होती तिची, पण चेहरा नुसता उजळला होता. छान, म्हणालो.

मग तिने आमच्या ओव्हनचं दार उघडलं. दाराबरोबर अख्खा ओव्हन दोन बोटं पुढे आला आणि वाकला. मुलगी म्हणाली, बघ आई, नमस्कार करतोय. मेव्हणा वाकून बघत नुसता म्हणाला, भाऊजी, वरचे स्क्रू? मी खिशातून काढून दिले.

ओव्हन गार झाल्यावर हिने बनचे खोके त्यात ठेवले. शेजारचं मांजर खिडकीतून येतं म्हणून.

१० मार्च, रविवार. सकाळी ८.

आज आमच्या नव्या ओव्हनमधून ऐंशी बन बाहेर पडले. एकही करपला नाही. सुरुवात याहून चांगली काय असणार?

दुपारी ३. सगळे संपले. संगीतवर्गाच्या बाईंनी दर रविवारी शंभर सांगितले. ही घरात आली ती चपला न काढताच. मला सांगताना दोनदा हसली आणि एकदा रडली.

संध्याकाळी ६. दर वेळी भावाकडे कसं जायचं, म्हणून मेव्हणा येऊन ओव्हन बाहेर काढून पुन्हा बसवून गेला. एकवीस मिनिटं लागली. मी टॉर्च धरला होता. भाऊजी, उजेड माझ्या डोळ्यांत नको, कोनाड्यात पाडा, असं तो दोनदा म्हणाला.

रात्री ८. हिने चाचणी म्हणून चार बन भाजले. पहिला मला दिला. उत्तम फुलला आहे.

टॉर्च स्थिर धरला होता म्हणून.