गीतांजलीला दाखवलेलं घर

मी, डॉ. माणिक पुंजाजी अढाऊ, वय सदुसष्ट, अविवाहित, प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापक, राहणार अमरावती, हे मृत्युपत्र माझ्याच टेबलावर, माझ्याच हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. पाय मध्यंतरी मोडला होता, पण मृत्युपत्र पायाने लिहीत नाहीत. मला कोणी भरीस घातलेलं नाही, कोणी धाक दाखवलेला नाही. उलट माझा सख्खा धाकटा भाऊ वामनराव याने, मी हे लिहू नये म्हणून, माझं डोकं खाल्लं, तेही इथे नमूद असू द्या. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी काढून दाखवलं तर ते बनावट समजावं. आमच्या घरात नसलेलं दाखवायची हौस फार आहे, म्हणून आधीच लिहून ठेवते.

कलम पहिलं, घराचं. माझं अमरावतीचं राहतं घर मी माझ्या पगारातून बांधलं आहे. अंगण, विहीर आणि माडीवरच्या खोलीसकट ते माझ्यामागे गीतांजली हिच्या एकटीच्या मालकीचं व्हावं. गीतांजली ही वामनरावाची सून, माझा भाचा शेखर याची बायको. ती शेखरबरोबर नांदो, न नांदो, दुसरं लग्न करो, घरावर तिचा हक्क राहील. या घराशी वामनरावाचा, शेखरचा किंवा अन्य कोणाही नातलगाचा काडीचा संबंध नाही. हे असं का, ते लिहिणं भाग आहे, नाहीतर उद्या लोक म्हणतील म्हातारीला चळ लागला.

शेखर तेल्हाऱ्याकडे आमच्या गावी शेती करतो. मेहनती पोरगा, पानसुपारीचंही व्यसन नाही. पण हल्ली आमच्या वऱ्हाडात शेती करणाऱ्याला कोणी मुलगी द्यायला तयार नाही. मुलीच्या बापाला जावयाचं वावर पाहिजे, वावरात राबणारा जावई नको. शेखरला नकारावर नकार येत गेले आणि पोरगा आतल्या आत मिटत गेला. एका पावसाळ्यात मी नेहमीप्रमाणे पातूरकडच्या गवताळ माळावर पक्षी पाहत होते. घराची किल्ली वामनरावाकडे होती. रीतीप्रमाणे तिवशाचे लोक, म्हणजे गीतांजलीच्या माहेरचे, तिला घेऊन मुलाचं घर पाहायला येणार होते, तर या पठ्ठ्याने त्यांना माझं घर दाखवलं. माझ्या नावाची पाटी उतरवली आणि 'प्रा. शेखर वामनराव अढाऊ' अशी नवी ठोकली. भिंतीवरच्या पक्ष्यांच्या फोटोंबद्दल पाहुण्यांनी विचारलं, तर म्हणे मुलाला छंद आहे. आत्याबद्दल विचारलं, तर म्हणे ती गावी शेती पाहते!

शेजारच्या नसीमबानोने मला हे सगळं मागाहून सांगितलं. "कपबश्या मीच देल्ल्या ना, बाई. मले वाटलं तुमचेच पाव्हने हायेत. अब मुझे क्या मालूम!" बिचारी अजून कानाला हात लावते.

लग्नात मी नव्हते. माळावर खड्ड्यात पाय जाऊन मोडला होता, तेव्हा अकोल्याच्या दवाखान्यात पडून होते. त्यामुळे गीतांजलीची आणि माझी पहिली भेट माझ्याच दारात झाली. लग्नानंतर तिला गावी नेलं होतं. अमरावतीला कधी जायचं असं तिने विचारलं की आज जाऊ, उद्या जाऊ. शेवटी एका सकाळी ती बॅग घेऊन एकटीच एसटीने आली. मी दार उघडलं, तर मलाच विचारते, "तुमी कोन?"

मी म्हटलं, "मी शेखरची आत्या. घर माझं आहे."

ती पायरीवरच बसली. बऱ्याच वेळाने आत आली आणि पूर्वेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. "इथं मी शिलाई मशीन ठेवनार होती," एवढंच म्हणाली. मला रडू आवरलं नाही. त्या दिवसापासून ती माडीवरच्या खोलीत राहते.

आता माझ्या विषयाचं थोडं सांगते, कारण भांडण त्याच्यावरूनच पेटलं. तणमोर नावाचा पक्षी पावसाळ्यात आपल्याकडच्या गवतात येतो. नर गवतातून उंच उड्या मारतो, एक झाली की दुसरी. मादी गवतात बसून पाहते आणि तिला पटेल त्याच्याकडे जाते. अशक्त नराला दिवसभर उडणं झेपत नाही, म्हणून त्या उडीवर तिने भरवसा ठेवावा असा माझा सिद्धान्त आहे. हे मी गावी अंगणात बसून वामनरावालाही सांगितलं होतं. जाब विचारायला गेले, तर त्याने तेच माझ्या तोंडावर फेकलं.

"तूच त सांगत होती, बाई, नर उडी मारते अन् मादी पाहते. आमी उडी मारली! माह्या पोट्ट्याले कोनी पोरगी देऊन नाही राहिलं, मी काय करू? तू बिनलग्नाची, तुले काय समजते बापाचं?"

"दुसऱ्याचे पंख लावून तणमोर उडत नाही रे," मी म्हटलं. तो ओक्साबोक्शी रडला. त्याचं दुःख खरं आहे, हे मी कधीच नाकारलं नाही. पण त्या दुःखाची किंमत त्याने परक्याच्या लेकीकडून वसूल केली, आणि हे मी त्याला माफ करू शकत नाही.

कलम दुसरं. गावच्या शेतातला माझा वडिलोपार्जित हिस्सा शेखरला द्यावा. यापुढे कोणाला काही दाखवायचं झालं तर त्याने हे दाखवावं, हे त्याचं आहे.

कलम तिसरं. 'प्रा. शेखर' ही पाटी मी जपून ठेवली आहे. ती वामनरावाला द्यावी. त्याला माझ्याकडून दुसरं काही मिळणार नाही.

कलम चौथं. माझी दुर्बीण, कॅमेरा आणि माळावरची सगळी निरीक्षणं माझे सहकारी डॉ. तनवीर यांना द्यावीत. तनवीर, शेवटचा निबंध तुम्ही पूर्ण करा, पण माझी शंका त्यातून गाळू नका. गवत नांगरलं जातंय. गेल्या पावसाळ्यात आपल्या माळावर एकच नर उडत होता. एकाच्याच पुढ्यात बसलेल्या मादीने निवड केली असं आपण कोणत्या तोंडाने लिहायचं? मला याचं उत्तर सापडलेलं नाही, आणि ते मला खात राहतं.

जोडून एक. "बिनलग्नाच्या बाईंनी जोडीदाराच्या निवडीवर बोलावं!" असं भर सभेत म्हणून हशा मिळवणारे आमचे माजी विभागप्रमुख हयात असतील, तर माझ्या शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये. चहा द्यायला हरकत नाही.

कलम शेवटचं. हे काल रात्रीपर्यंत लिहायचं ठरलेलं नव्हतं. आज सकाळी मी गीतांजलीला बोलावलं आणि म्हटलं, ज्या घराकडे पाहून तू होकार दिलास ते घर तुला देते आहे. वाटलं, ती खूश होईल.

"घर माह्या बाबांनी पाहलं, आत्याबाई. मी नाही."

"मग तू काय पाहिलंस?"

"त्या दिवशी इथं सगळे बोलून राहिलते. यायनं मले पानी आनून देलं अन् हळूच म्हनलं, तुमाले नसन पटलं त नाही म्हना, मी वाईट नाही मानत. असं मले कोनी कधी म्हनलं नव्हतं. मी त्यासाठी हो म्हनलं. गावचं कुडाचं घर असतं तरी हो म्हनलं असतं. पन त्या पाटीखाली उभं राहून म्हनलं ना त्यायनं ते. आता त्यातलं खरं काय धरू मी?"

मादी काय पाहून निवडते, यावर मी आयुष्य घालवलं. या पोरीला मात्र ते विचारायचं मला, तिच्या बापाला, वामनरावाला, कोणालाच सुचलं नाही.

शेखर दर आठवड्याला येतो आणि फाटकाबाहेर उभा राहतो. हाक मारत नाही, आत येत नाही. ती खिडकीतून त्याला पाहते. म्हणून लिहून ठेवते, की हे घर मी तिला भरपाई म्हणून देत नाही. फाटकाची कडी तिच्या हातात राहावी म्हणून देते. ती काढायची की नाही हे गीतांजली ठरवील. तिला ठरवायला आयुष्य लागलं तरी कोणी तिच्यामागे घाई लावू नये.

वरील मजकूर मी वाचला आहे, तो माझ्या मनासारखा आहे, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत मी सही करते.

माणिक पुंजाजी अढाऊ

साक्षीदार, ज्यांनी बाईंना सही करताना पाहिलं आणि बाईंसमोर आपल्या सह्या केल्या:
१. डॉ. तनवीर अहमद, अमरावती
२. नसीमबानो शेख कुर्बान, शेजारी, अमरावती

अमरावती, ९ ऑक्टोबर २०१२