काचेवरचा ओरखडा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, कापड गिरणीतून निवृत्त झालेली तपासनीस, आज पूर्ण शुद्धीत, चहा घेऊन, कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. याआधीचे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे.

मला दोन अपत्ये. थोरला मुलगा, त्याचे स्वतःचे घर आहे. धाकटी मुलगी परिचारिका, भाड्याच्या एका खोलीत राहते. जुन्या मृत्युपत्रात मी हे राहते घर मुलाला दिले होते, कारण मुलगीच तेव्हा म्हणाली, "मला कशाला? दादाला दे. मी अशी कोण मोठी लागून गेले?" ही भाषा तिने माझ्याकडून उचलली. त्याचा हिशोब आधी लिहायचा आहे, म्हणून घराचे कलम मी शेवटी ठेवले आहे.

कलम एक. बँकेतील ठेव मुलाला. तो गुणी आहे. फक्त फोनवर "बोल आई" म्हणतो आणि पुढे स्वतःच बोलत राहतो.

कलम दोन. मोठ्या नणंदेने माझ्या लग्नाच्या तिसऱ्या दिवशी "वहिनी कामाला वाघ आहे, पण दिसायला अगदीच बेताची" असा शेरा मारला होता. तो मी चाळीस वर्षे जपला, रोज आरशासमोर काढून वाचला. तो तिला साभार परत. बाकी तिला काही नाही.

कलम तीन. शिलाई मशीन, खिडकीजवळची आरामखुर्ची आणि माझा सगळा आदर धाकट्या जावेला. कारण सविस्तर लिहिते. वकील म्हणाले गरज नाही, पण मृत्युपत्र माझे आहे.

गिरणीत आम्ही दोघी एकाच खात्यात होतो. टेबलाला काच, काचेखाली दिवे, वरून कापड ओढायचे, दोष दिसला की काठाला लाल दोरा बांधायचा. तेहतीस वर्षे मी दोरे बांधले. गिरणीत माझे नावच लालदोरा पडले. घरी आले तरी हात थांबत नसे. भाजीत मीठ जास्त पडले, दोरा. मुलाला मार्क कमी पडले, तरी दोरा माझ्याच काठाला.

एके दिवशी एका ताग्यावर हात-हात अंतरावर डाग दिसू लागले. मी एकेचाळीस दोरे बांधले आणि तागा नापास केला. जाऊ आली, वाकून पाहिले आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "जाऊबाई, कापड हळूच पुढं ओढा बरं. डाग सरकतोय का?"

सरकला नाही. ओरखडा काचेवर होता. नवशिक्या पोरीच्याही लक्षात आले असते. पण कापडात दोष असणारच ही माझी इतकी खात्री, की काचेकडे बघायचे मला सुचलेच नाही. गाढव, आंधळी, बिनडोक असे स्वतःला म्हणत मी दोरे सोडू लागले. तीही शेजारी बसून सोडू लागली.

"पलीकडच्या टेबलावरच्या बाईकडून हे झालं असतं, तर तिला असं म्हणाला असतात?" तिने विचारले.

"छे, तिला कशाला? म्हटलं असतं, होतं असं कधीकधी, चल चहा घेऊ."

"मग स्वतःलाही पाजा की चहा! तुमच्याच घरात तुम्हीच सावत्र का?"

ही बाई तिशीत विधवा झाली. तिला पांढऱ्या पायाची म्हणणारे आमच्याच घरात होते. ती म्हणाली, "हे पाय मला रोज कामावर नेतात. रंग तुम्ही बघत बसा." दुःख तिला कमी नव्हते. रडायची तेव्हा मनसोक्त रडायची, पण स्वतःला शिव्या घालत ती कधी रडली नाही. मग तोंड धुऊन आरशात बघून विचारायची, "काय गं, निघायचं ना?" मी तिला वेडी समजत असे. शहाणी तीच होती. मनात येईल तो विचार आपलाच मानून घरात घ्यायचा नसतो, हे तिला कोणी शिकवले नव्हते. तिने ते निवडले आणि रोज निवडत राहिली. मला तिच्याइतके मोठे माणूस भेटलेले नाही.

निवृत्तीनंतर मीही सुरू केले. सकाळी स्वतःबद्दल एक चांगली गोष्ट मोठ्याने म्हणायची. पहिल्या दिवशी दुपार झाली तरी सुचेना. शेवटी "मी बटण घट्ट लावते" एवढेच म्हणाले. आता जेवणाआधी तीन होतात. जुनी खोड अजून डोके वर काढते, पण तिचे ऐकलेच पाहिजे असे राहिलेले नाही.

कलम चार, घराचे. मुलीची प्रत्येक वही मी ताग्यासारखी तपासली, ही माझी चूक. तीन वेळा तिच्यापुढे मुख्य परिचारिकेची जागा आली, तीन वेळा तिने "दुसऱ्या जास्त हुशार आहेत" म्हणून सोडली. स्वतःला कमी लेखणार असेल तर घर नाही, अशी अट मला घालायची होती. वकील म्हणाले, ही कायद्यात बसत नाही. बरोबरच आहे, धाकाने कोणी स्वतःवर माया करत नाही. मग आठ महिने मी तिला एवढेच विचारत राहिले, "तुला काय हवंय?" ती दर वेळी दादाचे सांगायची, नाहीतर रुग्णांचे, नाहीतर माझे.

परवा रविवारी दोन्ही मुले जेवायला होती. ताटे उचलता उचलता ती थांबली आणि म्हणाली, "आई, हे घर मला हवंय. मला इथं राहायचंय."

मुलगा म्हणाला, "अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? घे की!"

हातातली ताटे तिने परत खाली ठेवली. पण तिने शब्द मागे घेतला नाही, "चालेल ना?" असे शेपूटही जोडले नाही.

सबब, राहते घर आतील सामानासह संपूर्णपणे मुलीला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

तिचे ते वाक्य मला पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू आले होते. तरी मी कानामागे हात धरला आणि "काय म्हणालीस?" असे विचारून तिला ते पुन्हा म्हणायला लावले. दुसऱ्यांदा ती शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
वार मंगळवार, सकाळचे साडेदहा

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार, ज्यांच्यादेखत वरील सही झाली:

१. डॉक्टर (सही). लिहिणारीचे डोके ठिकाणावर आहे. कान दोन्ही उत्तम आहेत.

२. शेजारी, निवृत्त पोस्टमन (सही). रविवारी भिंतीपलीकडून मीही ऐकले.