मेंढवाड्याचा दोर

बाबा,

बुरानचं हिमवादळ येणार म्हणून काल रेडिओ कानीकपाळी ओरडत होता, तेव्हा दुकानात सगळे हसत होते आणि सगळ्यात मोठ्याने मी. म्हणालो, "आमच्या म्हाताऱ्याने दारापासून मेंढवाड्यापर्यंत दोर बांधलाय, स्वतःच्याच अंगणात हरवेल म्हणून!" वर तोच दोर सोडून शेजारच्या तोलेगेनला गवताची गाडी बांधायला दिला.

आज सकाळी मेंढ्यांकडे निघालो आणि त्याच अंगणात हरवलो. हातभरावरचं दिसेना. तुम्ही दारात बादली बडवत राहिलात, म्हणून घर सापडलं. दोराचं तुम्ही अजून विचारलं नाहीत. दोन शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं.

आता तुमचा डोळा लागलाय, वाराही पडलाय. चहा चुलीवर आहे. तोलेगेनकडून दोर घेऊन येतो.

वारा परत सुटला तर बादली वाजवा.

झांदोस