खिशातला फ्यूज

मंगळवार, संध्याकाळ

"तार बंद हाये असं कोनीबी सांगू दे, खिशात फ्यूज असल्याशिवाय चढाचं नाही." बाबा सावनेरला लाइनमन होते, तेव्हाचं त्यांचं वाक्य. फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचे, मगच खांबावर.

आज विनू चहाला आला. माझा धाकटा भाऊ, तोही लाइनमनच. आमच्या मनीषनगरात वीजपुरवठ्याची नवी यंत्रणा आली, उद्यापासून त्याचं काम इथेच.

"ताई, आता फ्यूजचं कामच नाही. कंट्रोल रूममधून लाइन बंद करतेत, मोबाइलवर मेसेज येते. अन् एकीकडून गेली तं दुसरीकडून आपोआप येते."

"आपोआप? तू वर असताना?"

"तू आपली कथा लिही वं!"

हसला. कप ठेवून निघालाच. मीच भित्री का? आता दिवे जाणार नाहीत म्हणून मीही खूश झाले होते. पण लाइन बंद करणाऱ्याचा चेहरा विनूने कधी पाहिलेला नाही. आणि खिशात काय, तर मेसेज.

उद्या सकाळी फोन करून सांगणार आहे. नाहीच म्हणेल, वेळ कुठे आहे म्हणेल. तरी सांगणार: विनू, चढण्याआधी लाइन दोन्ही टोकांना बंद आहे का, ते स्वतः जाऊन बघून ये ना रे.