रिकाम्या बसलेल्या बाईचे चित्र कोणाला द्यायचे

मी, मीराबाई शिवदास वाहुळे, वय वर्षे चौपन्न, धर्म बौद्ध, शिक्षण चौथी, राहणार हौगांग, सिंगापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरलेली नाही, वैतागलेली आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी गोड बोलून किंवा पाया पडून हे माझ्याकडून लिहून घेतलेले नाही. गोड बोलणारे या घरात कोणी नाही आणि पाया मी पडू देत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

वकील म्हणाला, "आंटी, इंग्रजीत करू." मी म्हटले, जे मला वाचता येत नाही त्याच्याखाली मी सही करत नाही. इंग्रजी त्याने करून घ्यावे, त्याचेच तर तो पैसे घेतो. ऱ्हस्व-दीर्घ अरुणा मेश्राम हिने सुधारले आहे. ती मोठी संशोधक आहे. मजकूर सुधारायची परवानगी तिला नव्हती, तरी तिने दोनदा प्रयत्न केला.

हे सगळे अंमलात आणायचे काम विहारातले उज्ज्वल शेजवळ यांनी करावे. ते कमी बोलतात आणि माझ्या घरच्यांना बधणार नाहीत.

१. माझे पती शिवदास शिपयार्डात फिटर होते, आठ वर्षांपूर्वी वारले. त्यांची हत्यारे पेटीसकट आमच्या ब्लॉकखाली सायकली दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला द्यावीत. माझा मुलगा धम्मदीप इंजिनिअर आहे. त्याला पाना कोणत्या बाजूने धरतात ते माहीत नाही.

२. दीर पद्माकर याने भावाच्या तेराव्या दिवशी भारतातून फोन करून विचारले होते, "वहिनी, दादाचं घड्याळ कुठंय?" ते घड्याळ त्याला द्यावे. ते बंद आहे.

३. सून स्नेहल हिला माझा मिक्सर. तिला माझा आवाज मोठा वाटतो. मिक्सर लावेल तेव्हा तिला कळेल, मी बरी होते.

४. माझे दागिने, म्हणजे कानातले, दोन बांगड्या आणि एक साखळी, नात एकता हिला अठरा वर्षांची झाल्यावर द्यावेत. तोवर ते उज्ज्वलकडे राहतील, तिच्या आईकडे नाही. एकता आठ वर्षांची आहे, रंग माझ्यावर गेला आहे. स्नेहल तिला रोज आंघोळीनंतर गोरे व्हायचे क्रीम चोळते. पोर दुखते म्हणून इथल्या इंग्रजीत ओरडते, "मम्मी, पेन लाह! आय डोन्ट वाँट!" मी ट्यूब कचऱ्यात टाकते, ती दुसरी आणते. मी म्हटले, "अगं, कशाला छळतेस तिला?" तर म्हणते, "आई, तुमचा काळ वेगळा होता." काळ वेगळा नव्हता. मूर्ख बायका तेव्हाही होत्या, फक्त ट्यूब मिळत नव्हती.

५. आता चित्राचे. हे नीट वाचावे, कारण भांडण इथे होणार आहे.

हॉलमध्ये सोफ्याच्या वर जे मोठे चित्र आहे, किंवा असायला हवे, ते अर्नेस्टीन पॉटर या बाईने काढलेले आहे. ही अमेरिकेतली काळी बाई. इथल्या एका परदेशी मुलांच्या शाळेत चित्रकला शिकवायची, तांजोंग पगारला जुन्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर एकटी राहायची. मी तिच्याकडे अकरा वर्षे स्वयंपाक आणि साफसफाई केली. ती मला मीरा म्हणायची, मी तिला अर्नेस्टीनबाई. माझे इंग्रजी मोडके, तिचे मराठी शून्य, तरी आम्ही भांडायचो रोज.

तिला एकच वेड होते. ती अमेरिकेत ज्या कॉलेजात शिकली, ते कोराबेल कॉलेज, काळ्या मुलींचे, तिथे काळ्या बायकांनी काढलेली चित्रे भिंतीवर लागली पाहिजेत. म्हणजे म्युझियमच करायचे. पगार झाला की तिकडच्या कुठल्यातरी म्हाताऱ्या चित्रकारणीला फोन, चित्र विकत, घरी पार्सल, मग पाहून-पुसून कॉलेजला पार्सल. स्वतः दोन ड्रेसवर वर्ष काढायची. मी विचारायची, "हे तिकडचं इकडे आणून परत तिकडे कशाला?" ती म्हणायची, "तिकडे ठेवायला जागा नाही म्हणतात. आधी मी बघते, मग त्यांना बघायला लावते." कॉलेजने पहिली कितीतरी वर्षे ती चित्रे लायब्ररीच्या तळघरात, मोडक्या खुर्च्यांच्या मागे टाकली होती. मोठ्या म्युझियमवाल्यांनी तर तिला तोंडावर विचारले होते, काळ्या बायका चित्रे काढतात का? हे सांगताना ती हसायची. मला हसू येत नव्हते. असले प्रश्न विचारणारी तोंडे मी गावी पुष्कळ पाहिली आहेत.

दुसऱ्यांची चित्रे जपायची आणि स्वतःची पुसायची. कॅनव्हास महाग, म्हणून एकावरच पुन्हा पुन्हा काढायची. माझे चित्र तेवढे उरले, कारण रंग ओला असतानाच मी ते टॅक्सीत घालून हौगांगला आणले. टॅक्सीवाल्याने सीटला लागलेल्या रंगावरून शिव्या दिल्या, मीही दिल्या.

चित्र असे आहे. मी स्टुलावर बसले आहे. बस. हातात काही नाही. बसवले तेव्हा मी म्हटले, "अहो, लसूण तरी द्या सोलायला, वेळ जाईल." तर ओरडली, "नो! आपल्यासारख्यांना सगळे कामच करताना काढतात. मीरा, तू नुसती बस." नऊ दिवस बसवले. कंबर धरली. चित्रात माझ्या तोंडावर जो राग आहे तो खरा आहे.

२००४ साली अर्नेस्टीनबाई इथेच गेली. तिने सगळे कॉलेजला दिले, हे चित्र माझे म्हणून लिहून ठेवले.

६. गेल्या डिसेंबरात धम्मदीपचे हार्बरफ्रंटच्या ऑफिसातले साहेब अनिमेष आणि त्यांची बायको सुचित्रा जेवायला आले. मी आत अळूवड्या तळत होते. बाहेरचे सगळे ऐकू येत होते, आमचे घर काही श्रीमंतांचा कॉन्डो नाही.

सुचित्रा म्हणाली, "अय्या, हे कोणाचं पेंटिंग? किती डार्क आहे हो!"

धम्मदीप म्हणाला, "ते होय? आमच्याकडे पूर्वी एक कामवाली होती, तिचं आहे. एका अमेरिकन आर्टिस्टने काढलंय."

साहेब म्हणाले, "व्हेरी पॉवरफुल."

मी ताट घेऊन बाहेर आले. सुचित्राने चित्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, एक वडी उचलली आणि म्हणाली, "काय खुसखुशीत झाल्यात हो, मावशी!" धम्मदीपने माझी ओळख करून दिली नाही. स्नेहलने टीव्हीचा आवाज वाढवला. त्या चित्रात झाडू नाही, भांडे नाही, फडके नाही, तरी कामवाली. आणि ज्यांना ते पटले त्यांची तर बातच सोडा. मी आत जाऊन उरलेल्या वड्या तळल्या. जळू दिल्या नाहीत, तेल माझे होते.

पाहुणे गेल्यावर मी विचारले. तो म्हणाला, "आई, समजून घे ना. प्रमोशनचं चाललंय. त्यांनी कुठलं गाव, कोणते वाहुळे, असं सुरू केलं असतं."

"मग सांगायचं."

"आणि मी खोटं काय बोललो? तू काम करायचीसच ना?"

"करत होते. अर्नेस्टीनबाईकडे. तुझ्याकडे नाही."

दुसऱ्या दिवशी चित्र स्टोअररूममध्ये गेले. मी परत लावले. ऑगस्टमध्ये तपासण्यांसाठी मी हॉस्पिटलात राहून आले, तर ते फॅनच्या खोक्यामागे, तोंड भिंतीकडे. स्नेहल म्हणाली, "वास्तूचं असतं ना आई, समोर असा चेहरा नको." बौद्धाच्या घरात वास्तू! मी परत लावले. मला ऑपरेशन टेबलावरून उठता आले नाही तर परत कोण लावणार? एकताचा हात तिथवर पोचत नाही.

७. चित्र एकताला द्यावे असे माझ्या मनात होते. पण ती मोठी होईस्तोवर ते तिच्या आईबापाच्या ताब्यात राहणार, म्हणजे बुरशीच्या ताब्यात. म्हणून मी ते कोराबेल कॉलेजच्या म्युझियमला देते.

कॉलेजवाल्यांवर माझे प्रेम उतू चाललेले नाही. तळघर मी विसरलेली नाही. पण आता तिथे खरेच म्युझियम झाले आहे, काळ्या बायकांचीच चित्रे लावतात, आणि जिने ती जमवली तिच्या हातचे एकही त्यात नाही. जूनमध्ये तिथल्या इव्हॉनबाई खास चित्र बघायला विमानाने आल्या. तरुण आहे, काळी आहे, चपला बाहेर काढून आली, एवढे बरे. चित्रासमोर पाऊण तास उभी राहिली. मग चहा झाल्यावर आवाज खाली करून विचारते, "मॅडम, आर यू अनटचेबल?" चित्राखालच्या पाटीवर तसे लिहिले तर तिकडच्या मुलींना फार जवळचे वाटेल म्हणे.

मी म्हटले, "तू माझ्या हातचा चहा प्यालीस ना? मग कशाला विचारतेस?" ती लाजली. मी पुढे सांगितले, मी काही लपवत नाही. दारात बाबासाहेबांचा फोटो आहे, येणाऱ्याला दिसतो. पण घरात मुलगा मला कामवाली म्हणणार आणि तू तिकडे पाटीवर अनटचेबल लिहिणार, तर मग माझे नाव काय बँकेपुरते आहे? पाटीवर लिहायचे ते असे: 'मीराबाई वाहुळे, सिंगापूर. चित्रकार: अर्नेस्टीन पॉटर.' पुढे ती बाई कोण होती, म्युझियम कोणी उभे केले, ते अर्नेस्टीनबाईचे पानभर लिहा, मला हरकत नाही. माझे एवढेच.

चित्र मुलींच्या येण्याजाण्याच्या वाटेवर लावावे. तळघरात नेल्याचे कळल्यास ते काढून घेण्याचा अधिकार एकताला आहे. वकील म्हणतो, असे लिहिता येत नाही. मी लिहिले आहे.

८. सीपीएफला, म्हणजे इथल्या प्रॉव्हिडंट फंडाला, वारसाचे नाव आधीच दिलेले आहे, ते यात येत नाही. बँकेत जे आहे त्यातून धम्मदीप, स्नेहल आणि एकता या तिघांची अमेरिकेची जाऊन-येऊन तिकिटे काढावीत. उरलेले एकताच्या शिक्षणाला.

९. हौगांगचा फ्लॅट शिवदासनंतर माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो मी धम्मदीपला देते, पुढील अटीवर.

माझ्या मरणानंतर दोन वर्षांच्या आत त्याने कोराबेल कॉलेजात जावे. बायको आणि मुलगी बरोबर हवी. सुट्टीचा दिवस चालणार नाही, म्युझियम उघडे आणि माणसांनी भरलेले असावे. चित्रासमोर उभे राहून त्याने तिथल्यांना कळेल अशा भाषेत, मोठ्याने, म्हणावे: "दिस इज माय मदर." मनात म्हटलेले धरायचे नाही. रडल्यास ते अटीत नाही. मागाहून आणखी काही समजावून सांगू नये. त्याला समजावून सांगायची फार सवय आहे. इव्हॉनबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकून उज्ज्वलला कळवावे, मग फ्लॅट त्याच्या नावावर करावा.

अरुणा म्हणाली, "मीराताई, हे फार कडक होतं. लेक आहे तुमचा." मी म्हटले, परक्या देशात, परक्या लोकांत सांगायचे आहे, जिथे त्याचा साहेब नाही, गाव विचारणारा कोणी नाही. याहून सोपे मी काय देऊ? सिंगापुरात म्हणायला लावले असते तर कडक झाले असते.

१०. दोन वर्षांत तो गेला नाही, किंवा गेला आणि बोलला नाही, तर फ्लॅट विकावा आणि सगळी रक्कम कोराबेल कॉलेजला द्यावी. त्यातून त्यांनी काळ्या बायकांची चित्रे घ्यावीत, जिवंत असलेल्यांची आधी. धम्मदीप कमावता आहे, तो भाड्याने राहील. त्या प्रत्येक चित्राखाली 'धम्मदीप शिवदास वाहुळे यांच्याकडून भेट' असे लिहावे. नाव खराब होऊ नये म्हणून त्याने एवढे सगळे केले, तर ते चांगल्या ठिकाणी लागावे.

वरील सर्व मी दोनदा वाचले. राग कमी झाला नाही, म्हणजे बरोबर लिहिले आहे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करत आहे.

सही: मीराबाई शिवदास वाहुळे

साक्षीदार:
१. अरुणा मेश्राम, संशोधक. (यातला अनुच्छेद ९ मला मान्य नव्हता. सही माझी आहे.)
२. मॅडम क्वेक स्यू लान, शेजारीण. मराठी येत नाही. मीराबाई सही करत असताना त्या समोर हजर होत्या आणि घाई करत होत्या.

ठिकाण: हौगांग, सिंगापूर
दिनांक: रविवार, १४ ऑक्टोबर २००७