सिंगल सीट, चाळीस पिना बाकी

मी, खाली सही करणारी, वय वर्षं त्रेसष्ट, धंदा मोटरसायकलच्या सीटा बांधणं, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. आजवर प्रत्येक सरकारी कागदावर माझ्या धंद्याच्या रकान्यात "घरकाम" असं लिहिलं गेलं. फॉर्म दरवेळी माझ्या पतींनी भरला. आज पेन माझ्या हातात आहे.

येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही, आणि म्हणता म्हणता सही कुठे करायची ते बोटानं दाखवतात. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला मुद्दाम मागून घेतला आणि सोबत जोडला, कारण हे वाचून झाल्यावर "तिच्या डोक्यावर परिणाम झाला होता" असं कोणीतरी बोलणार, आणि ते कोण बोलणार हेही मला माहीत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. राग मात्र भरपूर आहे. राग म्हणजे दडपण नव्हे, असं वकीलबाईंनी सांगितलं आहे. ऑपरेशनमधून जगले तर मी हा कागद फाडून टाकीन, अशी आशा कोणी धरू नये. जगले तर सगळ्यांना समोर बसवून मीच मोठ्यानं वाचीन.

नाही जगले तर वकीलबाईंनी वाचावा. दुकानाच्या मागच्या खोलीत वाचावा. माझे पती, माझी मुलगी, नणंदबाई आणि दोन्ही साक्षीदार हजर असावेत. मध्येच कोणी चहा ठेवायला उठू नये.

कलम १. माझी मिळकत अशी. दुकानाचा गाळा, मागच्या खोलीसकट, माझ्या वडिलांनी माझ्या नावावर केलेला. ते ताडपत्र्या शिवायचे. जाड मालातून सुई कशी न्यायची ते मी त्यांच्याकडे शिकले. शिलाई मशीन त्यांचंच. दुकानासमोर शोभेला उभी असते ती जुनी, एका सिलिंडरची मोटरसायकलही त्यांचीच, आणि कागदोपत्री आजही माझी. लग्नाआधी ताडपत्र्यांचे गठ्ठे बांधून ती मी गावभर चालवलेली आहे, हे हल्ली कोणाला खरं वाटत नाही. राहतं घर पतींचं आहे. ते गळतं, त्यांचं ते बघून घेतील. बँकेत जे काही आहे ते ऑपरेशनला जाईल, त्यावर कोणी डोळा ठेवू नये.

कलम २. नणंदबाई चारचौघांत सांगतात, "आमच्या वहिनीला शिवणाची भारी हौस. पिशव्या काय सुंदर शिवते!" मी आयुष्यात एक पिशवी शिवलेली नाही. तर मागच्या खोलीत माळ्यावर रेक्झिनचे उरलेले तुकडे आहेत, ते सगळे नणंदबाईंना द्यावेत. पिशव्या त्यांनी शिवाव्यात. सुई त्यांनी आपली आपण आणावी.

कलम ३. माझ्या पतींना गिऱ्हाइकं "उस्ताद" म्हणतात. या कागदात मीही तेच म्हणते.

खरं लिहायचं तर सगळंच लिहायला हवं. पहिलं खोटं माझं होतं. दुकान उघडून आठवडा झाला होता. तेव्हा उस्ताद स्पेअर पार्टची नोकरी सोडून नुकतेच गल्ल्यावर बसले होते. एक पेन्शनर गृहस्थ स्वतःइतकीच जुनी मोटरसायकल ढकलत घेऊन आले. सीटचे स्प्रिंग वर आले होते. त्यांनी विचारलं, "शिवणार कोण?" मी दातांत दोरा धरून दारात उभी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाईमाणसाच्या हातात देणार नाही हां मी गाडी." गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून मीच मानेनं खूण केली. म्हटलं, "नाही हो, हे शिवतात."

ते गेल्यावर आम्ही दोघं मागच्या खोलीत पोट धरधरून हसलो. पुढे कोणीही विचारलं की उस्ताद छाती काढून "मी" म्हणायचे, आणि गिऱ्हाइकाची पाठ वळली की माझ्याकडे बघून डोळा मिचकावायचे. काही वर्षं असं चाललं. मग डोळा मिचकावणं बंद झालं. मग एक दिवस बघते तर उस्तादांनी उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी लावलेली. मला वाटलं दारात बोट सापडलं. एका गिऱ्हाइकाला ते सांगत होते, "सुईचं काम आहे साहेब, टोचायचंच." त्या दिवशी मी जेवले नाही. विचारलं नाही त्यांनी, का जेवत नाहीस म्हणून.

मुलीला लहानपणी दमा होता. फोम चिकटवायच्या सोल्यूशनच्या वासानं तिची छाती भरायची, म्हणून मीच तिला मागच्या खोलीत कधी पाऊल टाकू दिलं नाही. तिनं पाहिलं ते फक्त पुढचं दुकान. पुढच्या दुकानात बाप, बापाच्या बोटाला चिकटपट्टी, आणि गिऱ्हाईक म्हणतंय वा उस्ताद. आई आत काहीतरी आवरतेय. चूक माझीही आहे, मी ती नाकारत नाही. पण एकतीस वर्षं मी गप्प राहिले म्हणजे मी मेल्यावरही गप्प राहीन, असं कोणी समजू नये.

कलम ४. जुन्या गाड्यांच्या क्लबानं गेल्या वर्षी उस्तादांना मानपत्र दिलं. हॉल भरलेला. मुलगी एवढ्या लांबून रजा काढून आली आणि माझ्या शेजारी बसली. कोणीतरी विचारलं, उस्ताद, तुमच्या त्या उभ्या पट्ट्यांच्या शिलाईचं गुपित काय? उस्ताद माईकजवळ गेले आणि म्हणाले, "मी आधी लेदर फोमवर घट्ट ताणून बसवतो, आणि मग सावकाश एकेक पट्टी शिवत जातो."

ज्याला या कामातलं कळत नाही त्याच्यासाठी लिहिते. पट्ट्या शिवतात त्या आधी, लेदर टेबलावर सपाट असताना, खाली पातळ फोम घालून. मग ते शिवलेलं कव्हर सीटवर ताणतात. एकदा सीटवर बसवल्यावर शिवायला सुई जाणार कुठे? खाली फायबरचा तळ असतो. शिकाऊ माणूससुद्धा पहिल्या दिवशी ही चूक करणार नाही. मला वाटलं आता हॉल हसेल, आता सुटले मी. टाळ्या पडल्या! मुलीनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "आई, बाबांच्या हातात काय जादू आहे गं!"

घरी आल्यावर मी तिला सांगितलं. पहिल्यांदाच. "सीटा मी शिवते." ती माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "हो गं आई, तू पण किती मदत केलीस त्यांना." उस्ताद दोन हातांच्या अंतरावर उभे होते, भिंतीवर मानपत्र लावत. सगळं ऐकलं त्यांनी. एक शब्द बोलले नाहीत. नंतर मला म्हणाले, "तोंडात खिळे होते, बोलणार कसा?" खिळे दोन होते, आणि हातात घेता आले असते.

मानपत्राची त्यांनीच काय ती व्यवस्था लावावी. मला ते नको आणि मुलीलाही देऊ नये.

कलम ५. समोरच्या रांगेतला हुडवाला, जो गाड्यांची हुडं आणि सीटा शिवतो, त्याच्याशी आमचं वीस वर्षं वाकडं. त्यानं आमची गिऱ्हाइकं फोडली, आम्ही त्याची. मानपत्राच्या दुसऱ्या दिवशी उस्ताद गल्ल्यावर नसताना तो थेट मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, एक विचारू? आधी ताणायचं आणि मग शिवायचं, तर सुई खालून काढता कुठून? फायबर फोडून?"

त्यानं मशीनवरचं अर्धं कव्हर पाहिलं, माझी बोटं पाहिली.

"तुम्ही शिवता."

"हो."

"तरीच. उस्तादांच्या हाताला सोल्यूशनचा वास कधी म्हणून आला नाही." मग दोन पावलं आत येऊन त्यानं कव्हरच्या शिलाईवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मेलो मी वीस वर्षं हा टाका जमवायला. आणि शिव्या घालत होतो भलत्यालाच."

मला रडू आलं. ज्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं त्याच्यासमोर रडायची पाळी आली. त्याला काहीतरी द्यावं असं मनात होतं, पण साक्षीदारही तोच हवा होता, आणि साक्षीदाराला मिळकतीतलं काही देता येत नाही, असा कायदा आहे. मग त्यानं साक्षीदारच व्हावं, असं मी ठरवलं. त्याच्याइतका जाणकार साक्षीदार मला मिळणार नाही.

कलम ६. पुठ्ठ्याचे साचे दोनशेच्या वर आहेत. प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं माप आणि खोड लिहिली आहे. "डावीकडे कलतो." "पोट टाकीला लागतं." "बायको मागे बसत नाही, तरी जागा ठेवा म्हणतो." हे सगळे साचे, पुढच्या कलमात काहीही निकाल लागो, माझ्या मुलीचे. तिनं ते एकेक करून वाचावेत. अक्षर तिच्या ओळखीचं आहे. तिच्या शाळेच्या डब्यावर तिचं नाव याच अक्षरात लिहिलेलं असायचं.

कलम ७. मानपत्र मिळाल्यावर उस्तादांना हौस आली की आपली मोटरसायकल कॅफे पद्धतीची करायची. आपली म्हणजे माझ्या वडिलांची. हँडल खाली घ्यायचं, सीट सपाट आणि एकट्यापुरती, मागे फक्त उंचवटा. मी म्हटलं, "आणि मागची जागा?" म्हणाले, "ती कशाला आता? तू कुठे येतेस बसायला!"

मी केली सीट. त्यांना गाडीवर बसवलं, पाय फूटरेस्टवर, हात हँडलवर, आणि कंबर जिथे संपते तिथे फोमवर खडूनं रेघ मारली. खाली कडक फोम, वर मऊ. पुढचं टोक मांड्यांच्या मापानं अरुंद केलं, कारण त्यांना गुडघे टाकीजवळ फार फाकवता येत नाहीत. त्यांचा डावा खुबा दुखतो, म्हणून त्या बाजूला मऊ थर बोटभर जास्त ठेवला. त्यांनी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. मनात शिव्या चालल्या होत्या आणि हात नीट काम करत होते. खोटं काम मला येतच नाही, त्याला मी काय करू? आजवर केलेल्या सीटांत ही सगळ्यांत चांगली झाली आहे.

कव्हर शिवून तयार आहे. फोमवर चढवून, ताणून, खालून स्टेपलरनं चाळीस पिना मारायच्या, एवढंच उरलं आहे. ते मी मुद्दाम ठेवलं. या धंद्यातलं हे सगळ्यांत सोपं काम. दारात उभं राहण्याऐवजी त्यांनी एकतीस वर्षांत एखाद्या वेळी आत येऊन कव्हरचं दुसरं टोक धरलं असेल, तर अर्ध्या तासात जमेल. कुठून ताणायला सुरुवात केली म्हणजे उंचवट्यावर चुणी पडत नाही, ते मी इथे लिहिणार नाही.

कलम ८. गाळा, मशीन आणि मोटरसायकल यांची वाटणी पुढीलप्रमाणे.

(अ) हा कागद वाचला त्याच बैठकीत उस्तादांनी सर्वांसमोर, कोणाची मदत न घेता, ते कव्हर सीटवर बसवावं. हुडवाल्यानं तपासावं. चुणी नसेल तर सगळं उस्तादांचं, आणि मी एकतीस वर्षं त्यांना ओळखलं नाही असं समजावं.

(ब) किंवा उस्तादांनी कशालाही हात लावू नये. मुलीकडे तोंड करून एवढंच म्हणावं, "ही सीट तुझ्या आईनं बांधली. सगळ्या तिनंच बांधल्या." तरीही सगळं त्यांचंच. पाटी बदलायची नाही, मानपत्र उतरवायचं नाही, गिऱ्हाइकांनी खुशाल उस्ताद म्हणावं. मला गिऱ्हाइकांशी देणंघेणं नाही.

(क) दोन्हीपैकी एकही झालं नाही तर सगळं मुलीचं. तिनं ते ठेवावं, विकावं, त्यात चपलांचं दुकान काढावं. बापाला त्या गाळ्यात बसू द्यायचं की नाही, ते तिनं ठरवावं.

वकीलबाईंनी हे वाचून पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "अहो, कागद ऐकून मुलीला कळलेलंच असणार. मग (ब) मध्ये राहिलं काय? दोन वाक्यं बोलतील आणि मोकळे होतील." मी म्हटलं, तिला कळलेलं नसेल. ती कागदाकडे बघणार नाही, बापाच्या तोंडाकडे बघेल. आणि सोपं आहे म्हणूनच ठेवलंय. दोन वाक्यं आहेत आणि तोंडात या वेळी खिळे नाहीत. त्यांनी ती म्हटली तर गाळा, मशीन, गाडी घ्या म्हणावं, आणि मी माफ केलं असंही सांगावं.

पण अडतीस वर्षं संसार मी केला आहे, वकीलबाईंनी नाही. स्टेपलर टेबलावर भरून ठेवला आहे. ते स्टेपलर उचलतील.

वरील मजकूर मी दोनदा वाचला, एकही शब्द मागे घेतला नाही, आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर केली.

लिहून देणार: (सही) सीटा बांधणारी

साक्षीदार पहिला: (सही) हुडवाला, समोरची रांग. सीट पाहिली. काम अव्वल आहे.

साक्षीदार दुसरा: (सही) डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: ऑपरेशनआधीचा गुरुवार, दुपारी साडेबारा. उस्ताद पुढे गिऱ्हाइकाशी बोलत आहेत.